बाथरूममधला मापाचा मग

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, स. न. हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. ह्यांचं वय 63. दीड वर्षापासून रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठतात. धार बारीक झाली आहे, सुरू व्हायला वेळ लागतो, आणि होऊन आल्यावरही पायजम्यात चार थेंब पडतात. सोनोग्राफीत प्रोस्टेट 48 ग्रॅम आली. लघवी झाल्यावरही मूत्राशयात 60 मिलि शिल्लक राहते असं लिहिलंय. पीएसए (कॅन्सरच्या शंकेसाठी करतात ती प्रोस्टेटची रक्ततपासणी) 2.1 आहे. टॅम्सुलोसिन 0.4 ही गोळी दिली होती, पण रात्री उठल्यावर भोवळ आली, दाराची चौकट धरून उभे राहिले, म्हणून दहा दिवसांत बंद केली. ब्लडप्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. आता ओळखीच्या एकांनी दिलेलं गोखरू-वरुणाचं चूर्ण आणि सॉ पाल्मेटोच्या कॅप्सूल घेतात. नैसर्गिक उपायांनी ही वाढ विरघळते का? ऑपरेशनचं नाव काढलं की हे विषयच बदलतात.

उत्तर : ताई, तुमचं पत्र आलं तेव्हा मी उलट टपाली एकच गोष्ट मागितली होती : तीन दिवसांची नोंद. बाथरूममध्ये एक मापाचा मग ठेवायचा, प्रत्येक वेळी लघवी त्यात करायची, वेळ आणि मिलि लिहायचे, आणि काय किती प्यायलं तेही लिहायचं. ती वही पोचली. अक्षर तुमचं नाही, त्यांचं आहे. म्हणजे पत्राची गोष्ट त्यांना कळली, आणि न रागावता त्यांनी तीन दिवस मग धरला. पंचवीस वर्षं मी मूत्रविकारांचे रुग्ण तपासते आहे. हे काम किती संकोचाचं असतं ते मला ठाऊक आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता दुसऱ्या दिवसाचं पान बघा. दिवसभरात सहा वेळा : 180, 150, 220, 190, 160, 210. बेरीज 1110. रात्री 1.05 ला 260, 2.40 ला 240, 4.10 ला 210, आणि सकाळी 6 ला उठल्यावर 230. बेरीज 940. सकाळची पहिली लघवी रात्रीच्याच हिशेबात धरायची असते, कारण ती झोपेत तयार झालेली असते. चोवीस तासांचे 2050 मिलि, त्यातले 940 रात्रीचे, म्हणजे जवळपास 46 टक्के. या वयात हा वाटा 33 टक्क्यांच्या वर गेला की मूत्रपिंडं रात्री जास्त लघवी तयार करताहेत असं आम्ही मानतो. पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाचे आकडेही याच्या आसपासच आहेत.

याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रोस्टेटच्या अडथळ्यामुळे किंवा मूत्राशय चिडल्यामुळे माणूस रात्री उठतो, तेव्हा बहुतेक वेळा थोडी-थोडी लघवी होते. 80, 100, 90 असे आकडे दिसतात. ह्यांना एका वेळी 260 होतात. मूत्राशय भरतं म्हणून ते उठतात, आणि त्यात त्या मूत्राशयाचा काही दोष नाही. भरणारा नळ जोरात चालू आहे. अशा वेळी प्रोस्टेटच्या गोळ्या वाढवत नेल्या, अगदी ऑपरेशन केलं, तरी रात्रीचं उठणं तसंच राहू शकतं. ऑपरेशन झाल्यावर ‘धार सुधारली, पण झोप नाही’ म्हणत परत येणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांची अशी वही आधी कोणी बघितली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग रात्री एवढी लघवी येते कुठून? दोन धागे तुमच्याच वहीत आहेत. रात्री साडेदहाच्या रकान्यात लिहिलंय : ‘चूर्ण, कोमट पाणी दोन ग्लास’. झोपायच्या आधी दोन ग्लास पाणी, तेही रोज! दुसरा धागा समासात बारीक अक्षरात लिहिलाय : ‘संध्याकाळी मोज्यांचे वळ उमटतात’. अ‍ॅम्लोडिपिनने पायांना सूज येते, हा त्या गोळीचा ओळखीचा परिणाम आहे. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी, माणूस आडवा झाला की रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. म्हणून संध्याकाळी सातनंतर पिणं कमी करा, औषधापुरता घोट चालेल. दिवसाचं पाणी मात्र तोडू नका. दुपारी तासभर पाय उशीवर, छातीच्या पातळीला ठेवून पडू द्या, म्हणजे ते पाणी जागेपणीच निघून जाईल. जेवणातलं मीठ कमी करा. आणि ब्लडप्रेशर बघणाऱ्या डॉक्टरांना ही सूज दाखवून गोळी बदलता येईल का ते विचारा. स्वतःहून ती बंद करू नका. पायांना सूज हृदयामुळे किंवा मूत्रपिंडामुळेही येते, तेव्हा तेही त्यांनी एकदा तपासलेलं बरं. ते मोठ्याने घोरतात का, मध्येच श्वास अडकतो का, दिवसा डुलक्या लागतात का? झोपेत श्वास थांबण्याच्या विकारातही रात्री लघवी वाढते, आणि रक्तातली साखर वाढली तरी वाढते. दोन्ही तपासून घ्या.

आता प्रोस्टेट. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, ही तक्रार तिचीच आहे. ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली असते आणि लघवीची नळी तिच्या पोटातून जाते. तरुणपणी तिचं वजन सुमारे 20 ग्रॅम असतं. वयाबरोबर नळीभोवतीचा भाग वाढतो आणि नळी आवळली जाते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण 48 ग्रॅमच्या सगळ्याच माणसांना सारखा त्रास होत नाही. तीस ग्रॅमवाला हैराण असतो आणि ऐंशी ग्रॅमवाला मजेत असतो, असं रोज दिसतं. म्हणून सोनोग्राफीतला आकडा पाहून घाबरू नका.

टॅम्सुलोसिन त्यांनी कशी घेतली तेही वहीत आहे : ‘झोपताना’. म्हणजे जेवून दोन-अडीच तास उलटून गेल्यावर. ही गोळी रोज एका ठरावीक जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची असते. रिकाम्या पोटी तिचं रक्तातलं प्रमाण जास्त चढतं आणि उभं राहिलं की रक्तदाब उतरतो. त्यात रक्तदाबाची गोळी आधीच पोटात होती. भोवळ त्यातूनच आलेली दिसते. माझ्या मते ही गोळी विनाकारण बदनाम झाली. तुमच्या डॉक्टरांना विचारून जेवणानंतर पुन्हा सुरू करा. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग पाय जमिनीला लावायचे. ही गोळी प्रोस्टेट लहान करत नाही. मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे आवळलेले स्नायू ती सैल करते, म्हणून काही दिवसांतच फरक कळतो. चार आठवड्यांनी हिशेब करू. संबंधाच्या वेळी वीर्य कमी येणं किंवा न येणं हा या गटातल्या औषधांचा परिणाम आहे, सिलोडोसिनचा तर फारच. त्याने इजा काही होत नाही, पण आधी सांगितलं नाही तर माणूस मनात धास्तावतो आणि गुपचूप गोळी सोडतो. म्हणून हे त्यांच्याशी बोलाच.

ग्रंथी खरोखर आकसवणारी औषधं वेगळी : फिनॅस्टेराइड 5 मिग्रॅ आणि ड्युटॅस्टेराइड 0.5 मिग्रॅ. टेस्टोस्टेरॉनचं शरीरात एका जास्त जोरकस संप्रेरकात रूपांतर होतं आणि प्रोस्टेट त्याच्यावर पोसली जाते. हे रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) ही औषधं अडवतात. याची वाट सापडली ती डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांमुळे. तिथल्या काही पुरुषांत हे विकर जन्मतःच कमी होतं आणि मोठेपणीही त्यांची प्रोस्टेट लहानच राहत होती. ते संशोधन 1974 मध्ये प्रसिद्ध झालं आणि 1992 मध्ये फिनॅस्टेराइड या आजारासाठी मंजूर झालं. त्याने ग्रंथी वीस-पंचवीस टक्के आकसते, पण सहा महिने तरी धीर धरावा लागतो. काहींची कामेच्छा कमी होते किंवा ताठरता कमी होते, तेही आधी माहीत असावं. घरात गरोदर स्त्री असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. 2003 मध्ये 3047 पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यावर सरासरी साडेचार वर्षं लक्ष ठेवलं होतं. डॉक्साझोसिन (टॅम्सुलोसिनच्याच गटातलं औषध) आणि फिनॅस्टेराइड दोन्ही घेणाऱ्यांत आजार बळावण्याचा धोका 66 टक्क्यांनी कमी झाला, एकेकट्या औषधापेक्षा बराच जास्त. तुमच्या ह्यांची ग्रंथी 48 ग्रॅम आणि पीएसए 2.1, म्हणजे हे दुसरं औषध उपयोगी पडेल अशांत ते बसतात. पण आधी चार आठवडे एकच. एकदम सगळं सुरू केलं की कशाने काय झालं ते कळत नाही.

तुमचा मूळ प्रश्न, नैसर्गिक उपायांनी वाढ विरघळते का? नाही. सॉ पाल्मेटो ही ताडाच्या जातीची वनस्पती आहे, तिच्या फळांचा अर्क कॅप्सूलमध्ये असतो. 2006 मध्ये 225 पुरुषांवर वर्षभर चाचणी झाली. खरी कॅप्सूल घेणारे आणि दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल घेणारे, दोघांत फरक दिसला नाही. डोस कमी पडला असेल अशी शंका निघाली, म्हणून 2011 च्या चाचणीत 369 पुरुषांना तिप्पट डोसपर्यंत नेलं. तरीही फरक नाही. विशेष म्हणजे दोन्ही गटांना थोडं-थोडं बरं वाटलं होतं. म्हणून ‘मला गुण आला’ असं कोणी सांगितलं तर तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. या तक्रारी आपोआप कमी-जास्त होतात, आणि काळजी घेतली जातेय या भावनेनेही माणूस हलका होतो. भोपळ्याच्या बियांनी अपाय नाही, आवडत असतील तर खाऊ द्या, पण त्यांच्या भरवशावर औषध सोडू नका. गोखरू आणि वरुण परंपरेने लघवीच्या तक्रारींवर दिले जातात. आयुर्वेदाच्या पदवीधर वैद्याने नाडी-पोट तपासून, तुमची बाकी औषधं विचारून ते दिले असतील तर मी भांडणार नाही. पण ग्रंथी आकसते असं म्हणण्याइतका पुरावा त्यांच्या पाठीशी नाही.

माझी खरी काळजी त्या बिननावाच्या पुडीची आहे. प्रोस्टेट कॅन्सरसाठी ‘पीसी-स्पेस’ नावाचं आठ वनस्पतींचं मिश्रण विकलं जायचं. 2002 मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. त्यात रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आणि स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारं रसायन सापडलं. घेणाऱ्यांना वाटत होतं आपण नुसत्या वनस्पती घेतोय. तुमच्या पुडीत काय आहे ते तुम्हालाही सांगता येत नाही आणि मलाही. ती बंद करा. दोन ग्लास पाणीही त्यासोबत सुटेल.

औषधाविना जे खरंच उपयोगी पडतं ते फार साधं आहे. पायजम्यात पडणारे थेंब प्रोस्टेटमुळे नसतात, नळीच्या वाकणात राहिलेली लघवी असते ती. लघवी झाल्यावर वृषणाच्या मागे, गुदद्वाराच्या पुढे बोटांनी हलकं दाबायचं आणि तसंच पुढे लिंगाच्या टोकापर्यंत सरकवत आणायचं. राहिलेले थेंब तिथेच निघून जातात. माझ्या रुग्णांपैकी कितीतरी जणांनी ‘हे आधी कोणीच का सांगितलं नाही?’ असं विचारलंय. बसून लघवी करू द्या, त्रास असलेल्यांचं मूत्राशय बसून थोडं जास्त रिकामं होतं. झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. चहा-कॉफी दुपारपर्यंतच. मद्य घेत असतील तर रात्रीचं बंद. आणि दिवसा घाई झाली की लगेच न पळता पाच मिनिटं थोपवायची सवय लावायची. हे सगळं नीट शिकवून काय होतं हे 140 पुरुषांवर तपासलं गेलंय, 2007 मध्ये. तीन महिन्यांनी, नुसत्या नेहमीच्या देखरेखीखाली असलेल्यांपैकी 42 टक्के लोकांचा त्रास वाढला किंवा औषध लागलं. शिकवलेल्यांत हेच प्रमाण 10 टक्के होतं. कोणत्याही चूर्णाचा एवढा चांगला आकडा मला माहीत नाही.

ऑपरेशनचं आज कारण दिसत नाही. लघवी पूर्ण अडकली, रक्त येत राहिलं, वारंवार जंतुसंसर्ग झाला, मूत्राशयात खडे झाले किंवा मूत्रपिंडांवर ताण आला तर ते टाळू नये. दुर्बिणीतून, बाहेर टाका न घालता होतं. ताप-थंडी किंवा लघवीत रक्त दिसलं तर वाट बघायची नाही. आणि एक लक्षण लाजेपोटी लपवलं जातं : झोपेत अंथरूण ओलं होणं. या वयात त्याचा अर्थ मूत्राशय काठोकाठ भरून ओसंडतंय असा असू शकतो, आणि मूत्रपिंडं न दुखता खराब होत असतात. तसं एकदाही झालं तर त्याच दिवशी दाखवा. चार आठवड्यांनी पुन्हा तीन दिवसांची वही पाठवा. अक्षर त्यांचंच असू दे.

प्रश्न : वडील 71 वर्षांचे. सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या दोन दिवस घेतल्या आणि लघवी पूर्ण बंद झाली. नळी घालावी लागली. ही नळी आता कायमची का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. टॅम्सुलोसिन किंवा अल्फुझोसिन सुरू करून दोन-चार दिवसांनी नळी काढून बघतात. पुष्कळांना लघवी होते. पहिल्यांदा नाही झाली तर पुन्हा एकदा प्रयत्न करता येतो. त्या सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट मात्र डॉक्टरांना दाखवा. नाक मोकळं करणारी फिनाइलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन ही औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात, आणि क्लोरफेनिरामिनसारखी औषधं मूत्राशयाचा जोर काढून घेतात. एकाच गोळीत दोन्ही असतात. निरोगी माणसाला कळतही नाही, वाढलेल्या प्रोस्टेटवाल्याची वाट बंद होते.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी घरात पाहिलं. मी इंटर्नशिप करत होते. पहाटे बाथरूममध्ये नळ कितीतरी वेळ वाहत होता. वडील आत उभे होते, पाण्याच्या आवाजाने तरी होईल म्हणून. दार उघडलं तेव्हा कपाळ घामाने भिजलेलं, आणि बेंबीखाली पोट हाताला दगडासारखं लागत होतं. नळी घातल्यावर पिशवीत 950 मिलि आली. ते डोळे मिटून एवढंच म्हणाले, ‘सुटलो गं.’ धार बारीक झाल्याचं त्यांनी तीन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, मुलगी डॉक्टर होत असतानाही. खिशात सर्दीच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट होतं. तेव्हापासून चाळिशीपुढचा कोणीही लघवीची तक्रार घेऊन आला की मी पहिल्यांदा खिशातल्या गोळ्या टेबलावर ठेवायला सांगते.

तुमच्या वडिलांच्या औषधांच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : ‘सर्दीची गोळी विचारल्याशिवाय नाही’. नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब आणि वाफ चालेल.

प्रश्न : पाच वर्षं टॅम्सुलोसिन घेतो. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायची गरज आहे का? डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध?

उत्तर : सांगाच, आणि आजच सांगा. हे औषध बुबुळाच्या स्नायूवरही काम करतं. ऑपरेशनच्या वेळी बुबुळ लुळं पडून फडफडतं आणि बाहुली आकसते. 2005 मध्ये हे पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं. आधी माहीत असेल तर सर्जन तयारीने बसतात आणि ऑपरेशन व्यवस्थित होतं. गोळी थोडे दिवस बंद केल्याने हा परिणाम जाईल अशी खात्री नाही, म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. लघवी अडकून बसायची. ज्यांना ही गोळी नव्याने सुरू होणार आहे आणि मोतीबिंदूही आहे, त्यांनी आधी मोतीबिंदू करून घेता येईल का ते विचारावं.

प्रश्न : दोन वर्षं फिनॅस्टेराइड चालू आहे, त्रास खूप कमी झाला. यंदा पीएसए 2.8 आला. रिपोर्टवर 4 पर्यंत नॉर्मल छापलंय. निश्चिंत राहू ना?

उत्तर : नाही. फिनॅस्टेराइड वर्षभर घेतल्यावर पीएसए साधारण निम्मा होतो. तुमचा 2.8 म्हणजे मनात 5.6 धरायचा. प्रयोगशाळेला तुमची गोळी माहीत नसते, ती सगळ्यांना सारखाच 4 छापते. आणखी महत्त्वाचं म्हणजे गेल्या वर्षीचा आकडा. तो 1.9 असेल आणि आता 2.8, तर गोळी चालू असताना वाढलेला पीएसए हा तपासायलाच हवा असा इशारा आहे. त्याचा अर्थ कॅन्सरच असा नाही. जंतुसंसर्गानेही वाढतो, तपासणीच्या आधीच्या दोन दिवसांत संबंध आला किंवा लांब सायकल चालवली तरी वाढू शकतो. तेव्हा ते दोन दिवस सोडून, लघवीची तपासणी करून घेऊन, त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रक्त द्या. गोळी मात्र चालू ठेवा. नंतर दोन वर्षांचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून मूत्ररोगतज्ज्ञांकडे न्या, आणि फिनॅस्टेराइड कधी सुरू केली ती तारीख सगळ्यात वरच्या कागदावर लिहा.